नुसतं रडून भागत नाही

कांच एकदा तडकली की सांधत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. माणसांच्या बाबतीतही आपला हिशेब बहुधा हाच असतो. जबलपूर शहरात घमापूरच्या बाजूला कांचघर नावाची जुनी वस्ती आहे. नाव कांचेचं, पण तिथले संसार तुमच्या-आमच्यासारखेच. सकाळी डबा घेऊन कामावर जायचं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याची उधारी फेडायची, मुलांच्या फीची जुळवाजुळव करायची. अशा कोणत्याही वस्तीत, मग ती कांचघरची असो की पुण्या-नागपूरची एखादी चाळ, एक प्रसंग हमखास घडतो. रात्री धिंगाणा घालून आलेला नवरा सकाळी बायकोपुढे हात जोडून बसतो. डोळ्यांत पाणी असतं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली जाते. पुढच्या पगाराला पुन्हा तेच.

त्या बाईपुढचा प्रश्न साधा वाटतो, पण भल्याभल्यांना तो सुटलेला नाही. हा पश्चात्ताप खरा मानायचा की खोटा? दार उघडायचं की आतून कडी लावायची?

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणीच कानावर पडते. पापात वाटा घ्यायला घरचं कुणी तयार नाही हे कळलं आणि वाल्या बदलला. ख्रिस्ती धर्मात तर पश्चात्ताप हा सगळ्या गोष्टीचा उंबरठाच. तो ओलांडल्याशिवाय आत पाऊल नाही. म्हणून खरं रडणं आणि खोटं रडणं यांतला फरक या धर्माने बारकाईने पाहिला आहे. तो समजून घ्यायला फार लांब जायला नको. जबलपूरच्या मातीतली एक गोष्ट आणि त्याच मध्य प्रदेशातली, उदयनगरची दुसरी, एवढ्या दोन पुरेत.

जबलपूरच्या कबुल्या

पहिली गोष्ट ठगांची. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं, मग ते इंग्रजांकडे गेलं. विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी आधी नरसिंहपूरला आणि नंतर जबलपूरला होता. नरसिंहपूरला असताना आपल्या कचेरीजवळच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहते, याचा त्याला पत्ताही नव्हता. पुढे ते कळलं तेव्हा तो स्वतःच थक्क झाला. वाटसरूंशी गोड बोलून, चार मुक्काम त्यांच्यासोबत जेवून-खाऊन, मग रुमालाने गळा आवळायचा, असा या टोळ्यांचा धंदा. १८३० नंतर स्लीमनने मोहीमच उघडली. पकडलेल्या ठगांतून त्याने माफीचे साक्षीदार तयार केले. साथीदारांची नावं सांगा, पुरलेली प्रेतं दाखवा, म्हणजे फाशी टळेल.

मग कबुल्यांचा पाऊस पडला. कुणी किती माणसं मारली, कुठल्या आमराईत पुरली, सगळं सांगितलं गेलं. स्लीमनने १८३६ साली 'रामासीआना' नावाचं पुस्तक छापलं. त्यात ठगांची सांकेतिक भाषा आहे आणि त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरंही आहेत. मारताना दया आली नाही का, असं तो पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तरं मात्र थंडगार. देवीची आज्ञा होती, शकुन चांगला होता, मग आमचा काय दोष? जीव वाचलेल्या या साक्षीदारांसाठी १८३७ साली जबलपुरात उद्योगशाळा निघाली. दऱ्या, गालिचे, तंबू तिथे तयार होऊ लागले. ठगांची मुलंही तिथे कामाला लागली. हात रुमालावरून मागावर आले. स्वातंत्र्य मात्र त्या साक्षीदारांना मिळालं नाही, पहारा शेवटपर्यंत राहिला.

आजचे इतिहासकार या कबुल्या जशाच्या तशा खऱ्या मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मानेवर दोर लटकत असताना माणूस विचारणाऱ्याला हवं ते बोलतो. पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. कबुली पूर्ण होती, पुढचं आयुष्यही उद्योगाचं होतं, तरी तिला पश्चात्ताप म्हणायला जीभ वळत नाही. ज्यांचे गळे आवळले त्यांच्या घरच्यांकडे कुणाची नजरच वळली नव्हती. नजर होती ती दोराकडे.

उदयनगरच्या बसमध्ये

दुसरी गोष्ट पुष्कळ अलीकडची. केरळातल्या पुल्लुवळी गावी १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या धर्मभगिनी. उत्तर भारतात बरीच वर्षं काम केल्यावर १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. आजूबाजूला आदिवासींची गावं. सावकाराकडून उचल घ्यायची आणि पिढ्यानपिढ्या व्याज फेडत राहायचं, हे तिथलं जुनं दुखणं. राणी मारियांनी बायकांचे बचतीचे गट बांधले, बँकेचं कर्ज कसं मिळतं ते सांगितलं, सरकारी योजनांचे अर्ज भरून दिले. कुणी म्हणेल, यात एवढं काय? पण ज्यांचं दुकान दुसऱ्याच्या अडाणीपणावर चालतं, त्यांना असा भरलेला अर्ज बॉम्बसारखा वाटतो.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. पुढे केरळला, घरी जायचं होतं. त्याच बसमध्ये समुंदर सिंग नावाचा तरुण बसला होता. गावातल्या वजनदार मंडळींनी त्याला हाताशी धरलं होतं. ही बाई धर्म बुडवते, हिला संपव, असं त्याच्या मनात भरवून दिलेलं. रानातल्या रस्त्यावर त्याने बसमध्येच सुरा चालवला. अंगावर ५४ घाव झाले. बस माणसांनी भरलेली होती, पण कुणी पुढे झालं नाही. ही गोष्ट सांगताना ते माणूसही विसरू नयेत.

समुंदर सिंगला जन्मठेप झाली. तुरुंगाबाहेर त्याचा संसार मोडला, बायको सोडून गेली. ज्यांनी त्याला पुढे घातलं त्यांनी पाठ फिरवली. पहिल्या काही वर्षांत त्याच्या मनात काय होतं? पश्चात्ताप? मुळीच नाही. राग होता. सुटलो की ज्यांनी मला फसवलं त्यांचा हिशेब चुकता करीन, एवढा एकच विचार. आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडण्याइतकं सोपं काही नसतं. इथे तर ते खापर थोडंफार खरंही होतं, म्हणून ते जास्त घातक. चिथावणी दुसऱ्यांची असली तरी सुरा याच्या हातात होता. ते वाक्य स्वतःशी उच्चारायला माणसाला वर्षं लागतात.

त्याला भेटायला तुरुंगात एक धर्मगुरू येऊ लागले. स्वामी सदानंद या नावाने ते ओळखले जात. भगव्या वेशात राहणारे कॅथलिक पाद्री. उपदेशाच्या चार गोष्टी सांगून ते निघून गेले नाहीत. ते येत राहिले. राणी मारियांच्या घरच्यांनी तुला क्षमा केली आहे, हे त्यांच्याकडून त्याच्या कानी आलं. त्याचा विश्वास बसेना, आणि त्याच्या जागी कुणाचाही बसला नसता.

२००२ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमाराला इंदूरच्या तुरुंगात सिस्टर सेल्मी पॉल आल्या. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, त्याच संस्थेतली धर्मभगिनी. तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली, त्याला भाऊ मानलं. राखी हा ख्रिस्ती विधी नाही. पण त्या दिवशी त्या तुरुंगात दुसऱ्या कुठल्या खुणेने हे इतकं स्वच्छ कळलं असतं? समुंदर सिंग रडला. यापूर्वीही तो रडला असेल, पण ते रडणं स्वतःसाठी होतं.

पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या कुटुंबाने आणि संस्थेने स्वतः शब्द टाकला. अकरा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून २००६ साली तो बाहेर आला. ज्या सूडाची त्याने वर्षानुवर्षं उजळणी केली होती, त्या वाटेला तो गेला नाही. आपल्या गावी शेती करू लागला, उदयनगरला राणी मारियांच्या समाधीवर जाऊ लागला.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्यायला हवी. क्षमा झाली म्हणून शिक्षा टळली नाही. राखी बांधली गेली तेव्हा तो सात वर्षं गजांआड होता, आणि नंतरही चार वर्षं राहिला. क्षमा आणि शिक्षा यांचं भांडण आहे असं आपण समजतो. या प्रकरणात तरी ती दोन्ही शेजारी शेजारी नांदली.

दोन मित्र, एक रात्र

पश्चात्ताप या शब्दासाठी बायबलच्या नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो तो 'मेटानोईया', म्हणजे मन पालटणं. त्याआधीच्या हिब्रू परंपरेतला शब्द 'तशूवा', म्हणजे माघारी फिरणं. दोन्हींत अश्रूंचा उल्लेख नाही, हे पाहण्यासारखं आहे. एकात मन वळतं, दुसऱ्यात पाय.

येशूच्या शिष्यांपैकी दोघांनी एकाच रात्री त्याला दगा दिला. यहूदाने तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याला पकडून दिलं. पेत्राने, मी याला ओळखतच नाही, असं तीनदा सांगितलं. दोघांनाही नंतर भयंकर वाईट वाटलं. गंमत अशी की हिशेबच पाहायचा तर यहूदा पुढे होता. त्याने नाणी परत नेली आणि आपण निरपराध माणसाला पकडून दिल्याचं कबूल केलं. पेत्र नुसता बाहेर जाऊन ढसढसा रडला. पण यहूदा गेला कुणाकडे? ज्या याजकांनी त्याला पैसे दिले होते त्यांच्याकडे. त्यांनी ते तुझं तू पाहा म्हणून हात झटकले आणि त्याने गळफास घेतला. पेत्र मात्र आपल्या माणसांत परतला, तोंड लपवून बसला नाही. पुढे त्याच पेत्रावर येशूने आपल्या माणसांची जबाबदारी सोपवली.

जी चूक आपण केली ती मनाशी कुरतडत बसणं आणि माघारी फिरणं यांत एवढं अंतर आहे. पहिल्यात माणूस स्वतःभोवतीच घुटमळतो. घराघरांत अशी माणसं असतात. धंद्यात बायकोचे दागिने बुडवले, मग वीस वर्षं 'मी नालायक' म्हणत कोपऱ्यात बसले. दागिने राहिले बाजूला, आता उलट बायकोनेच त्यांची समजूत काढायची.

जक्कयाची गोष्ट याच्या अगदी उलट. यरीहो शहरातला हा जकातदार लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा गावाने नाकं मुरडली. जक्कयाने काय केलं? अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करण्याचं कबूल केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही, हे बायबल सांगत नाही. आकडे मात्र सांगतं.

पंडिता रमाबाईंनी जे पाहिलं

मराठी माणसाला या विषयात पंडिता रमाबाईंना वगळून पुढे जाता येत नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे राहिल्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅम इथे एक आश्रयगृह होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून ज्यांच्याकडे पाठ फिरवली अशा स्त्रिया तिथे होत्या. रमाबाईंना ते दाखवण्यात आलं. त्या स्त्रिया कामात होत्या, सावरलेल्या होत्या, इतरांची सेवा करत होत्या. रमाबाईंना धक्काच बसला. शास्त्रांचा एवढा अभ्यास केलेली ही बाई, पण अशा स्त्रीला पुन्हा माणसांत घेतल्याचं तिने आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

हे कशामुळे घडतं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं ते सर्वांना माहीत आहे. पण त्या निर्णयामागे देवतत्त्वाच्या वादाइतकंच हे फुलहॅमचं दृश्य होतं, हे फार थोड्यांना आठवतं. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी 'कृपासदन' उघडलं. विधवा, दुष्काळातली अनाथ मुलं यांच्याकडे समाज निदान दयेने पाहत होता. कृपासदनातल्या बायकांकडे तसंही पाहायला कुणी तयार नव्हतं.

वांद्र्यातलं केंद्र

आता पुन्हा पगाराच्या रात्रीकडे. व्यसनाच्या बाबतीत याच विचाराची एक चोख कार्यपद्धती बनली आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ एका ख्रिस्ती गटाच्या शिकवणीतूनच निघाली, जरी पुढे तिने सर्व धर्मांना आपलं म्हटलं. तिच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी वाचण्यासारख्या आहेत. आठवीत, आपण ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. नववीत, जिथे शक्य आहे तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची. मात्र त्यामुळे समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर नाही. जक्कयच, पण जरा सबुरीने.

मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली चर्चच्याच आवारात 'कृपा' ही संस्था सुरू केली. स्वतः दारूच्या आहारी गेलेला आणि त्यातून बाहेर आलेला हा पाद्री. ती गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. बारा पायऱ्यांना त्यांनी बी. के. एस. अय्यंगारांकडून शिकलेल्या योगाची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका पाद्र्याने, मी दारुडा होतो, असं सांगायचं म्हणजे काय, हे ज्याला चर्चमधली इज्जत ठाऊक आहे त्यालाच कळेल. पण त्या एका वाक्याने कितीजणांना दार ठोठावायचा धीर आला असेल.

मग त्या बाईने काय करायचं? रात्री मार खाऊन सकाळी हात जोडलेल्या नवऱ्याला 'क्षमा कर, धर्म तेच सांगतो' असं तिला कुणी बजावलं, तर तो धर्माचा अपमान आहे. सिस्टर सेल्मी तुरुंगात गेल्या तेव्हा समुंदर सिंगच्या हातात सुरा नव्हता. क्षमा कुणी मागून, दटावून घेता येत नाही. ती ज्याची त्याने, आपल्या वेळेला द्यायची. शपथेपेक्षा पुढच्या पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट कुणाच्या हातात येतं ते पाहावं. उपचाराला तो स्वतःच्या पायांनी जातो का, सासरच्या ज्या माणसासमोर तिचा पाणउतारा केला त्याच माणसासमोर चूक कबूल करतो का, ते पाहावं. तोवर कडी लावलेलीच राहिली तर तिला कुणी कठोर म्हणू नये. आणि हे सगळं तो खरोखरच करू लागला, तर मात्र 'कांच तडकली ती तडकली' हे वाक्य घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आवरतं घ्यावं. व्यसनातून उठलेल्या माणसाला पुन्हा गुत्त्याकडे ढकलायला कित्येकदा एका लग्नघरातला एक टोमणा पुरतो.

राणी मारियांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये मोठ्या समारंभात 'धन्य' घोषित करण्यात आलं. त्याच्या दहा वर्षं आधी, सुटकेनंतर काही महिन्यांनी, समुंदर सिंग स्वामी सदानंदांबरोबर रेल्वेने केरळला गेला होता. भाषा येत नव्हती. पुल्लुवळीच्या त्या घरात म्हातारे आई-वडील त्याची वाट पाहत होते. ज्या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलं त्या हातांचं मला चुंबन घ्यायचं आहे, असं त्या माउलीने आधीच आपल्या मुलीजवळ बोलून ठेवलं होतं, असं सांगतात. तो उंबऱ्याशी पोचला, आणि घरच्यांनी त्याला आत घेतलं.